आधी लघवी थांबली

मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात दुखणं हाताबाहेर गेलं की गाडी नागपूरकडे वळते. २०२५च्या सप्टेंबरात त्या वाटेने परासिया भागातली लहान लेकरं आली. त्यांच्या आईवडिलांची हकिगत जवळपास एकच होती: साधा सर्दी-ताप, खोकल्याचं औषध आणि मग मुलाची लघवीच बंद. 'मेडिकल' म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासह नागपूरच्या अनेक रुग्णालयांत उपचारांची शर्थ झाली. या प्रकरणात २०हून अधिक मुलं दगावली.

या मुलांना दिलेल्या, तामिळनाडूत बनलेल्या 'कोल्ड्रिफ' या खोकल्याच्या सिरपच्या एका बॅचमध्ये ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं. मर्यादा ०.१ टक्क्याची.

या विषाचा घाव किडनीवर बसतो. किडनी नुसती गाळणी असती, तर एवढा घात झाला नसता. प्रत्येक किडनीत सुमारे १० लाख सूक्ष्म नेफ्रॉन असतात. त्यांच्या तोंडाशी केशवाहिन्यांचं गुंतवळ. तिथे रक्तपेशी आणि प्रथिनं अडतात, पाणी, क्षार, साखर, युरिया पलीकडे जातात. मोठ्या माणसात दिवसाला असं सुमारे १८० लिटर पाणी गाळलं जातं, आणि लघवी होते जेमतेम दीड लिटर! बाकी सगळं पुढच्या नलिकांमधल्या पेशी वेचून रक्तात परत पाठवतात. खरी मेहनत या पेशींची. डायइथिलीन ग्लायकॉलचं यकृतात जे आम्ल बनतं, ते नेमकं यांनाच मारतं. मेलेल्या पेशींनी नलिका तुंबतात, लघवी आटते, रक्तात क्रिएटिनिन हा टाकाऊ घटक चढू लागतो.

महाराष्ट्राने हे आधीही सोसलं आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनाची भेसळ असलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्ण गेले. न्यायमूर्ती लेंटिन आयोग त्यावरच बसला होता. तरी पुन्हा तेच घडावं, याचा संताप येतो.

हे विष रंगहीन आणि चवीला गोडसर. घरी ओळखता येत नाही. पण लघवीवर लक्ष ठेवणं आईबापांच्या हातात आहे. आजारी मुलाला शेवटची लघवी कधी झाली, हे घरात कुणाला तरी ठाऊक हवं. सात-आठ तास झाली नसेल, तोंड सुजलं, उलट्या होऊ लागल्या, मूल पेंगुळलं, तर सकाळची वाट पाहू नये. लघवी बंद असताना मनानेच पाणी पाजत राहणंही धोक्याचं; किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, किती द्यायचं ते डॉक्टरांनी ठरवावं.

दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची सिरप देऊच नयेत, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये बजावलं. पाच वर्षांपर्यंतही ती सहसा टाळायचीच आहेत. साधी सर्दी बहुधा आपसूक ओसरते. औषध दिलंच असेल, तर बाटली फेकू नये. दवाखान्यात जाताना ती सोबत न्यावी, लेबलवरच्या बॅच क्रमांकासकट.