चिलापी : नाव एक, जाती अनेक

रिठदकडच्या शिवारात मूग पिकतो, उडीदही पिकतो. दोन्हींचं पान सारखंच दिसतं. फूल पिवळं. मटकी आणि चवळी ही त्यांचीच भावंडं. शास्त्रज्ञ या चौघांना एकाच घराण्यात धरतात. पण मुगाच्या बियाण्यात कोणी उडीद मिसळतो का? नाही. आपण दाणा ओळखतो.

माशांचंही असंच आहे. चिलापी मासा आपण पाहिला असेल. तिचं माहेर आफ्रिका खंड. तिच्या घराण्याला शास्त्रज्ञ ओरिओक्रोमिस म्हणतात. या घराण्यात तीसहून जास्त जाती आहेत. कोणी नदीत राहते, कोणी मोठ्या सरोवरात. केनिया देशातली एक जात तर मगाडी सरोवराच्या ऊन, खाऱ्या पाण्यात जगते.

आपल्या देशात यांतल्या दोन जाती मुख्य आहेत.

पहिली मोझांबिक चिलापी. ती १९५२ साली भारतात आणली. दोन-तीन महिन्यांतच ती अंडी घालू लागते. मादी अंडी तोंडात धरते. पिल्लंही तोंडातच जपते. म्हणून पुष्कळ पिल्लं जगतात. रोहू-कटला साचल्या तळ्यात अंडी घालत नाहीत. त्यांची बोटुकली दरवेळी आणून सोडावी लागते. चिलापी मात्र आपली आपणच तळं भरून टाकते. मासे उदंड, चारा तेवढाच. मग मासा लहान राहतो, आणि रोहू-कटल्याच्या तोंडचा घासही जातो.

दुसरी नाईल चिलापी. ही लवकर वाढते, मोठी होते. तिच्या शेपटीवर बारीक उभे पट्टे असतात. पहिलीला ते नसतात.

पण या दोघींचा संकर होतो, बरं का! आफ्रिकेत लिंपोपो नदीच्या खोऱ्यात नाईल चिलापी बाहेरून आली. तिथली मूळची मोझांबिक चिलापी आता तिच्यात मिसळून चालली आहे. आपल्या तळ्यात जी डोईजड, तीच माहेरी धोक्यात! डाळीतले खडे निवडता येतात. माशाचं मिसळलेलं बी निवडता येत नाही.

तेव्हा ज्यांनी तळं ठेक्यानं घेतलं, त्यांनी नुसत्या 'चिलापी' या नावावर बोटुकली घेऊ नये. जात कोणती, बी कुठलं, ते विचारावं. पावती घ्यावी. चिलापी पाळायला सरकारची परवानगी लागते. आधी मत्स्य खात्यात चौकशी करावी. तळं सांडलं की मासा ओढ्यात जातो, ओढ्यातून नदीत जातो. तो परत बोलावता येत नाही.

वाचा आणि सांगा :
१. चिलापीच्या दोन जाती कशा ओळखाल?
२. चिलापीची पिल्लं जास्त का जगतात?
३. बोटुकली घेताना काय विचाराल?