गीत आणि अक्षरओळख : शिक्षकाने करावयाचा एक अभ्यास

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील पहिली-दुसरीच्या वर्गांत एक गोष्ट वरचेवर दृष्टीस पडते. कविता म्हणावयास सांगितली, की मुले ती तालासुरात, एकही शब्द न चुकता म्हणतात; परंतु तीच कविता पुस्तकात काढून मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवले, की तीच मुले गप्प होतात. काही मुले पानावर नजर ठेवून पाठ कविता म्हणतात आणि ती वाचत आहेत, असा समज होतो. तेव्हा गाण्याने वाचन येते, की वाचन न येणे केवळ झाकले जाते, हा प्रश्न शिक्षकाने मनावर घेण्याजोगा आहे.

ठाणे जिल्ह्यास गाण्यातून शिक्षणाची कल्पना नवी नाही. ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साहाय्याने १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे जे कार्य आरंभिले, ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा भाग त्या काळी ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. आदिवासी मूल शाळेत येत नाही, तर शाळेनेच त्याच्या अंगणात व गुरांच्या कुरणात जावे, हे त्या कार्याचे सूत्र होते. गाणी, गोष्टी, खेळ आणि परिसरातील वस्तू हीच तेथील साधने होती. मुलाच्या ओठी जे आधीच आहे, तेथून आरंभ करावा, हा त्यातील बोध होय.

कान आणि डोळा

या विषयास उपयोगी पडेल असा एक प्रयोग इंग्लंडमध्ये लिनेट ब्रॅडली व पीटर ब्रायंट यांनी केला आणि १९८३ साली प्रसिद्ध केला. तो गायनाचा नव्हता, शब्दांतील ध्वनी ओळखण्याचा होता. तथापि यमकाचे गाणे कानाला जे शिकविते, तेच त्यात तपासले होते. ६५ मुलांना दोन वर्षे निरनिराळ्या गटांत शिकविण्यात आले. ज्यांना ध्वनींबरोबर अक्षरेही हाताळावयास दिली, त्या गटाची वाचन-लेखनात प्रगती सर्वांत अधिक झाली. नुसत्या कानाचे शिक्षण अपुरे पडते, असा याचा अर्थ. अहमदाबाद येथे ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून याच दिशेने काम केले. चित्रपटगीत चालू असता त्याचे शब्द त्याच भाषेत पडद्यावर दाखवावयाचे आणि जो शब्द गायिला जात असेल, तो ठळक करावयाचा, ही त्यांची योजना होय.

मराठी अक्षरांचा विशेष

‘कमळ’ हा शब्द बोलताना ‘क-मळ’ असे दोनच ठोके पडतात. लिहिताना मात्र अक्षरे तीन. संथ तालावर गाताना पुष्कळदा शेवटचा ‘ळ’ही पूर्ण उच्चारला जातो आणि ‘क-म-ळ’ असे तीन ठोके ऐकू येतात. बोलण्यात लपलेले अक्षर गाण्यात असे उघड होते. मात्र याच गाण्यात चालीसाठी ऱ्हस्व स्वर लांबविला जातो. म्हणून ऱ्हस्व-दीर्घाचे ज्ञान गाण्यावर सोपवू नये.

पाठाची मांडणी

प्रथम वस्तीवरील मुलांना ठाऊक असलेले गाणे घ्यावे. ठाकर, कातकरी वा वारली घरांत होळीला, गौरीला किंवा लग्नात म्हटले जाणारे असल्यास उत्तम. त्याच्या दोन ओळी मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहाव्यात. मुलांनी गावे आणि एका मुलाने छडीने त्या त्या शब्दाखाली खूण करीत जावे. नंतर प्रत्येक अक्षराला एक टाळी द्यावी. मग शब्दांच्या चिठ्ठ्या करून त्यांचा क्रम मोडावा व न गाता वाचावयास सांगावे. शेवटी त्याच अक्षरांचे, गाण्यात नसलेले शब्द द्यावेत. येथे मूल वाचू लागले, तरच गाण्याचे काम झाले असे समजावे.

अभ्यासाची रीत

पदव्युत्तर पदवीसाठी वा पीएच.डी.साठी विषय शोधणाऱ्या शिक्षकास याहून जवळचा विषय क्वचितच मिळेल. एका शाळेत मुले थोडी असतात. म्हणून केंद्रातील काही शाळा मिळून दोन गट करावेत. एका गटाने गाणे नुसते म्हणावे, दुसऱ्याने वरील रीतीने. आरंभी, शेवटी आणि आणखी एका महिन्याने प्रत्येक मुलास एकेकटे बसवून अपरिचित शब्द वाचावयास द्यावेत. हजेरीची व घरच्या बोलीची नोंद ठेवावी. पालकांची संमती घ्यावी आणि दुसरी रीत हितकर ठरल्यास पहिल्या गटासही तिचा लाभ द्यावा.

एक प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेले मूल पावसाळ्याच्या तोंडी परत येते, तेव्हा त्याला अक्षरे किती आठवतात आणि गाणे किती? गाणे उरले असेल, तर त्याचा धागा धरून विसरलेली अक्षरे लवकर परत येतात काय? याचे उत्तर दूरच्या ग्रंथालयात बसून मिळणारे नाही. ज्याच्या पटावर ते मूल आहे आणि ज्याला त्याचे गाणे ठाऊक आहे, त्या शिक्षकालाच ते शोधता येईल. मिळालेले उत्तर प्रतिकूल असले, तरी ते जसेच्या तसे नोंदवावे. कारण त्यावर पुढील वर्षी त्या मुलास कसे शिकवावयाचे, हे ठरणार आहे.