संताच्या पायाखाली काय आहे?



जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस असिसीकरांच्या चर्चमध्ये मुख्य वेदीवर क्रुसावरील प्रभू येशू आणि संत फ्रान्सिस एकत्र दिसतात. खाली तीन व्रते कोरली आहेत: दारिद्र्य, नम्रता, आज्ञापालन.

हाच विषय स्पेनचे चित्रकार मुरिल्यो यांनी १६६८ च्या सुमारास रंगवला. त्या बरोक काळातील चित्रांत वस्तूही बोलतात. वाचता न येणाऱ्यालाही त्या शिकवतात. फ्रान्सिस यांच्या पायाखाली पृथ्वीचा गोल आहे, म्हणजे जगाच्या मोहाचा त्याग. येशू क्रुसावरून एक हात सोडवून त्यांना जवळ घेतात. बालदूतांच्या हातातील ग्रंथात लूक १४:३३ आहे: सर्वस्वाचा त्याग केल्याशिवाय शिष्य होता येत नाही.

मग गरिबी चांगली का? आपल्या नंदुरबार जिल्ह्यातून अनेक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. त्यांनी गरिबी निवडलेली नाही. फ्रान्सिस मात्र श्रीमंत कापड व्यापाऱ्याचे पुत्र होते. त्यांनी होते ते सोडले. म्हणजे हे चित्र ज्याच्याकडे आहे त्याला विचारते.

या आठवड्यात घरातील संताच्या चित्रासमोर आपण क्षणभर थांबू या. त्यांच्या हातात काय, पायाखाली काय ते पाहू या. आणि आपल्या मुठीतले काय सोडायचे, तेही ठरवू या.