पंचसूत्रं नकोत, नोंदवही उघडा

प्रश्न : कळंब तालुक्यातल्या एका ‘क’ वर्ग सार्वजनिक ग्रंथालयात मी ग्रंथपाल आहे. जिल्हा ग्रंथालय संघाच्या अधिवेशनात यंदा पहिल्यांदाच पंधरा मिनिटं बोलायचं आहे. समोर सगळे ग्रंथपालच, बहुतेक माझ्याहून जुने. त्यांना माहीत नाही असं मी काय सांगणार? रंगनाथन यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पंचसूत्रांवर बोललं तर चालेल का?

उत्तर : पंचसूत्रं नकोत. ती समोरच्यांनी परीक्षेसाठी पाठ केलेली आहेत. मात्र ती जगापुढे कशी आली, हे तुमच्या उपयोगाचं आहे. गणित शिकवणारे रंगनाथन 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. 1928 च्या डिसेंबरात चिदंबरमच्या शिक्षण परिषदेत त्यांनी सूत्रं आधी भाषणातून मांडली. पुस्तक आलं 1931 मध्ये. कामातून सुचलेला विचार आधी माणसांसमोर बोलला गेला, छापला गेला नंतर.

तुमचं काम तुमच्या देवघेव नोंदवहीत आहे. गेल्या वर्षाची उघडा आणि महिन्यागणिक किती पुस्तकं बाहेर गेली ते मोजा. सोयाबीनच्या काढणीत देवघेव घसरते का? स्पर्धा परीक्षेची मुलं दिवसभर बसतात, पण घरी पुस्तक नेतात का? स्त्री सभासदांनी काय मागितलं आणि ते कपाटात नव्हतं? यातला एकच प्रश्न घ्या. तुमचे आकडे मुंबई-पुण्याच्या कुणाकडे नाहीत, शेजारच्या वाशी तालुक्यातल्या ग्रंथपालाकडेही नाहीत. म्हणून ते सगळे कान देऊन ऐकतील.

ग्रंथालय जुनं असेल तर आणखी एक वाट आहे. आपला जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाआधी हैदराबाद राज्याचा 1955 चा ग्रंथालय कायदा होता. सर्वात जुन्या दाखल नोंदवहीतल्या पहिल्या पानावर कोणती पुस्तकं आहेत, त्यातली आज कपाटात किती सापडतात? एवढ्यावर पंधरा मिनिटं सहज भरतील, आणि मला विचाराल तर हाच विषय मी आधी निवडेन.

पडद्यावरच्या चित्रांवर विसंबू नका, वीज केव्हाही जाते. आकड्यांचा एक तक्ता कार्डशीटवर मोठ्या अक्षरात लिहून न्या. मजकूर घड्याळ लावून घरी मोठ्यानं वाचा आणि बारा मिनिटांत बसवा. उरलेली तीन मिनिटं प्रश्नांची. पहिला प्रश्न खर्चाचा येईल आणि दुसरा मनुष्यबळाचा, कारण अनुदान आणि पगार यांची ओढाताण सभागृहात प्रत्येकाला ठाऊक असते. दोन्ही आकडे तयार ठेवा. जे जमलं नाही तेही सांगा; पुढच्याची मेहनत वाचते.

अधिवेशन झालं की भाषणाची एक प्रत संघाला द्या आणि दुसरी तुमच्याच ग्रंथालयात, दाखल क्रमांक घालून ठेवा.