आधी बंद व्हायला शिकव

राहुरी

चि. रोहित,

सावेडीच्या नव्या घरात दिवे, गिझर, दार सगळं मोबाईलवर चालवणार म्हणतोस. आनंद झाला. माझं एकच सांगणं आहे: प्रत्येक वस्तूला आधी बंद व्हायला शिकव, चालू होणं मागून.

हे मी मळ्यात शिकलो. शेतीची लाईट रात्री-अपरात्री येते म्हणून स्टार्टरला ऑटो बसवला. लाईट आली की मोटर आपोआप सुरू. एका रात्री पाइपचं कपलिंग निसटलं. सकाळी जाऊन बघतो तर शेजाऱ्याच्या काढणीला आलेल्या कांद्यात घोटाभर पाणी आणि आपल्या विहिरीचा तळ उघडा. मोटरीचा काही दोष नव्हता. थांबायचं कधी, हे मीच ठरवून दिलं नव्हतं. पिकाची भरपाई दिली, पण त्या माणसाची तोंडावर आलेली काढणी माझ्यामुळे गेली, हे अजून सलतं.

म्हणून सुरुवात गच्चीवरच्या टाकीपासून कर. टाकी भरली की मोटर बंद, खालचा हौद रिकामा असला तर सुरूच होऊ नये. वहिनींचं जिने चढणं वाचेल. २००० वॉटचा गिझर जवळपास ९ अँपिअर ओढतो; त्याला ६ चा स्मार्ट प्लग लावलास तर जळेल, १६ चाच घे. भिंती उघड्या आहेत तोवर प्रत्येक स्विचबोर्डात न्यूट्रल वायर ओढून घे. बऱ्याच स्मार्ट स्विचना ती लागते. अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी मात्र सगळ्यांच्या आधी.

आता दार. शनिशिंगणापूरला घरांना कुलूप न लावण्याची प्रथा आहे, तुला ठाऊकच आहे. २०११ साली युको बँकेने तिथे शाखा काढली, तेव्हा गावाच्या श्रद्धेचा मान राखत काचेच्या दाराला रिमोटवर चालणारं विद्युतचुंबकीय कुलूप बसवलं. माणसं बघून यंत्र बसवावं ते असं. तुझ्या आजीच्या बोटांचे ठसे खुरपून खुरपून झिजलेत. रेशनच्या मशीनवरही उमटत नाहीत. ठशाचं कुलूप घेतलंस तर तिच्याच घराबाहेर ती उभी राहील. किल्लीही चालेल असंच कुलूप घे, आणि एक किल्ली तिच्या कनवटीला असू दे.

वायरमन यायच्या आदल्या दिवशी फोन कर. मी सकाळच्या एसटीने येतो.

तुझा
काका