वाळीत टाकणे हा गुन्हा आहे



गावात एखाद्या घराशी बोलणे बंद होते. त्यांच्या रोवणीला मजूर येत नाहीत, दुकानदार सामान देत नाही, मयतीला खांदा द्यायला शेजारी मिळत नाहीत. मारहाण झालेली नसते, त्यामुळे पोलिसांत काय सांगावे तेच त्या घराला कळत नाही.

कायद्याचीही पुष्कळ वर्षे हीच अडचण होती. मुंबई प्रांताने १९४९ साली बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता, पण दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मप्रमुखांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. पुढे २०१३ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींच्या मनमानीविरुद्ध मोहीम उघडली. रायगड जिल्ह्यातूनही वाळीत टाकल्याच्या तक्रारी पुढे आल्या. अखेर आपल्या विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा मंजूर केला आणि जुलै २०१७ मध्ये तो अमलात आला.

या कायद्याने एखाद्याला समाजातून काढणे, त्याच्याशी व्यवहार तोडणे, त्याला समाजमंदिर, प्रार्थनास्थळ किंवा दफनभूमी वापरू न देणे हे सर्व गुन्हे ठरतात. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बहिष्काराला साथ देणाराही सुटत नाही. तेव्हा "पंचांनी ठरवले, मी फक्त ऐकले" ही सबब चालायची नाही.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्यावी. हा कायदा एकाच समाजातील माणसांनी आपल्याच माणसावर घातलेल्या बहिष्कारासाठी आहे, आणि समाज म्हणजे केवळ जात नव्हे. जन्माने किंवा धर्मांतराने एका धर्मात आलेले लोकही त्यात येतात. अर्थात आपणही येतो. मुलीने जातीबाहेर लग्न केले म्हणून आपल्यातलेच लोक एखाद्या कुटुंबाशी संबंध तोडत असतील, तर बाहेरच्या पंचांना नावे ठेवण्यात काय अर्थ आहे? सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला पायापाशी, हा भेद प्रार्थनेच्या सभेतच होतो, असे संत याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात दाखवून देतो.

दुसऱ्या जातीच्या लोकांनी अस्पृश्यता पाळली, तर १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. इथे आपल्या लोकांचा नेहमी गोंधळ होतो. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही, म्हणून ख्रिस्ती झालेल्या गोंड कुटुंबालाही १९८९ च्या कायद्याचे संरक्षण मिळू शकते. अनुसूचित जातीचा दर्जा मात्र १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहे. दलित ख्रिस्ती त्यातून वगळले गेले आहेत. हा अन्याय आहे आणि त्याविरुद्धची मागणी जुनी आहे.

बहिष्काराची तक्रार पीडित व्यक्ती किंवा तिच्या घरातील कोणीही पोलीस ठाण्यात देऊ शकते. तिथे दाद लागली नाही तर थेट दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. बैठक कोणत्या दिवशी झाली, कोण हजर होते, काय ठरले, हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे. दंड मागितला असेल तर रक्कमही लिहावी. कारण असे निर्णय बहुधा तोंडी होतात, आणि न्यायालयात खरी अडचण येते ती साक्षीदार मिळण्याची.