गाडी मिसिंग करते? आधी दोष शोधा, मग खर्च करा

कापडाचे गठ्ठे घेऊन आठवडे बाजार करणारे, बेकरीचा माल पोहोचविणारे असे आपले अनेक बांधव ओम्नीसारख्या पेट्रोल व्हॅनवर धंदा करतात. गाडी उभ्या उभ्या थरथरू लागली, चढावर दम सोडू लागली, झटके खाऊ लागली, की तिला आपण 'मिसिंग' म्हणतो. मग प्लग, वायर, कॉइल सगळे एकदम बदलले जाते. गाडी सुधारतेही, पण दोष कशात होता ते कळत नाही आणि चांगला माल भंगारात जातो.

थानात खोट निघाली तर आपण सगळ्या गठ्ठ्याला नावे ठेवीत नाही. ती कोणत्या मागावरची, ते आधी पाहतो. इंजिनाचेही तसेच आहे.

ओम्नीच्या ७९६ सीसी इंजिनात तीन सिलेंडर असतात. ठिणगी, इंधन किंवा दाब यांपैकी एक गोष्ट कमी पडली की तो सिलेंडर बसतो आणि ओझे इतर दोघांवर पडते. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरकडे जाते. तेथे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर तो तापून निकामी होऊ शकतो, आणि त्याची किंमत प्लगच्या कितीतरी पट असते. म्हणून मिसिंग अंगावर काढू नये.

१) सिलेंडर ओळखा. नव्या गाडीत स्कॅनर लावल्यास पी ०३०१ म्हणजे पहिला, पी ०३०२ म्हणजे दुसरा सिलेंडर असे कळते. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मेकॅनिक इंजिन चालू ठेवून एकेक प्लगची वायर काढतो. जी काढल्याने आवाजात फरक पडत नाही, तो सिलेंडर आधीच बसलेला. वायरमध्ये हजारो व्होल्ट असतात. हे काम उघड्या हाताने करू नये.

२) प्लग काढून पाहा. इंजिन थंड होऊ द्या, भोवतीची धूळ साफ करा, मगच प्लग खोला. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. तेलकट काळे म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्हकडून ऑईल येते. तेथे नवा प्लगही लवकरच खराब होईल. पांढरे, फोड आलेले टोक म्हणजे इंजिन फार तापते किंवा प्लग चुकीच्या नंबरचा आहे. चिनी मातीला तडा असेल तर प्लग टाकून द्यावा.

३) अदलाबदल करा. संशयित प्लग दुसऱ्या सिलेंडरला लावा. मिसिंग त्याच्याबरोबर गेले तर प्लग दोषी. जागचे हलले नाही तर वायर किंवा कॉइल तपासा. तेही ठीक असेल तर इंधन आणि कॉम्प्रेशन पाहा. एका वेळी एकच वस्तू बदलावी, हा नियम मोडू नये.

प्लगचा गॅप गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे फीलर गेजने मोजावा. प्लग आधी हाताने फिरवून बसवावा; सरळ पान्याने दाबल्यास हेडचे आटे जातात. सीएनजी पेटवायला जास्त व्होल्टेज लागते, म्हणून पेट्रोलवर नीट चालणारी गाडी गॅसवर मिसिंग करीत असेल तर गॅस किट खोलण्यापूर्वी प्लग व वायर पाहा. डिझेल टेम्पोत स्पार्क प्लग नसतो, हेही ध्यानात असू द्या.

गाडी दुरुस्तीला देताना काढलेला प्लग मागून घ्या आणि तो का बदलला, ते विचारा. मेकॅनिक बांधवांनीही न विचारता तो गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवावा. ज्याने दोष डोळ्यांनी पाहिला, तो बिलावरून वाद घालीत नाही आणि पुढच्या वेळीही त्याच गॅरेजला येतो.